सूत्रसंचालक नसलेली ‘होरायझन’ इतकी वर्षे कशी टिकली?

पानगळ

आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात मी दर रविवारी सकाळी आठवी ते दहावीच्या मुलांना विज्ञानावरील माहितीपट दाखवते. खिळ्यांना टांगलेली पांढरी चादर, उसना आणलेला प्रोजेक्टर आणि पंधरा-वीस मुले एवढाच हा प्रपंच आहे. आजवर आम्ही ज्या मालिका दाखवल्या त्या बहुतेक एका माणसाभोवती फिरणाऱ्या होत्या. कार्ल सेगन यांच्या ‘कॉसमॉस’चे तेरा भाग संपले तेव्हा मुलांना घरातले कोणी परगावी गेल्यासारखे वाटले होते, आणि त्यानंतर दुसरे काही सुरू करताना ‘यात ते काका नाहीत का?’ असा प्रश्न आला होता.

आता बीबीसीच्या ‘होरायझन’ या विज्ञानविषयक माहितीपटांच्या मालिकेकडे वळावे असा विचार आहे, म्हणून मी तिचे दोन भाग स्वतः पाहिले. पहिला १९८१ चा, भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांच्यावरचा. त्यात एक माणूस खुर्चीत बसून बोलतो, आणि जवळजवळ तेवढेच घडते. दुसरा २००० सालचा, महाज्वालामुखींवरचा. त्यात गंभीर आवाजातील निवेदन आहे, धडधडणारे संगीत आहे आणि संकट आता येऊन ठेपलेच आहे असा सूर आहे. हे दोन्ही भाग एकाच मालिकेचे आहेत यावर माझा विश्वास बसेना. ज्या मालिकेला कायमचा चेहरा नाही आणि धड एक शैलीही नाही, ती १९६४ पासून टिकली कशी, आणि माझ्यासारखीने मुलांसाठी त्यातले नेमके काय उचलावे, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.

जुनी फीत

आपल्याला जे वैगुण्य वाटते आहे तेच माझ्या मते तिच्या टिकण्याचे कारण आहे.

बीबीसीची दुसरी वाहिनी एप्रिल १९६४ मध्ये सुरू झाली आणि ‘होरायझन’चा पहिला भाग त्याच वर्षी २ मे रोजी दाखवला गेला. हा पहिला भाग कोणावर असावा? एखाद्या नोबेलविजेत्यावर नव्हे, तर भूमितीच्या आधारे हलके आणि मजबूत घुमट उभारणाऱ्या बकमिन्स्टर फुलर या अवलियावर. मालिकेने सुरुवातीलाच आपला हेतू सांगितला होता: मोठ्या वैज्ञानिकांना आणि तत्त्वचिंतकांना त्यांचे कुतूहल, निरीक्षणे आणि विश्वाविषयीच्या बदलत्या कल्पना लोकांपुढे मांडता याव्यात, यासाठी एक व्यासपीठ द्यायचे. व्यासपीठ म्हटल्यावर त्यावर वक्ते येणार आणि जाणार. तिथे खुर्ची कोणाच्याच मालकीची नसते. त्यामुळे प्रत्येक भाग हा स्वतंत्र माहितीपट, त्याचा निर्माता-दिग्दर्शक वेगळा, विषय वेगळा, असा पायंडा पडला आणि एकेक करत भागांचा आकडा पुढे बाराशेच्या पलीकडे गेला.

याच्या अगदी उलट उदाहरण त्याच संस्थेत आहे. ‘द स्काय ॲट नाइट’ हा खगोलशास्त्राचा मासिक कार्यक्रम एप्रिल १९५७ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर २०१२ मध्ये निधन होईपर्यंत तो पॅट्रिक मूर यांनीच सादर केला. पंचावन्न वर्षांत त्यांचा एकच भाग चुकला, तोही २००४ मध्ये विषबाधा झाली म्हणून. तो कार्यक्रम आजही चालू आहे, पण मूर यांच्याविना तो चालेल का हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला होता. ‘होरायझन’बाबत असा प्रश्न कधी उद्भवलाच नाही. तिच्यात सातत्य असेल तर ते आवाजाचे: पॉल व्हॉन यांनी अनेक वर्षे निवेदन केले, आणि जुने प्रेक्षक आजही त्या कोरड्या, किंचित मिश्कील आवाजावरून भाग ओळखतात. पुढच्या काळात डिली बार्लो यांचा आवाज तसाच परिचयाचा झाला. आपल्या मुलांना ‘काका’ हवे असतील तर ते इथे दिसणार नाहीत, फक्त ऐकू येतील.

जाता जाता एक गोष्ट. अमेरिकेतील ‘नोव्हा’ ही मालिका ‘होरायझन’चीच लेक म्हणावी लागेल. बॉस्टनच्या सार्वजनिक वाहिनीतील मायकल अँब्रोसिनो हे बीबीसीत काही काळ राहून तिथली पद्धत पाहून आले आणि मार्च १९७४ मध्ये त्यांनी ‘नोव्हा’ सुरू केली. तिचा पहिलाच भाग वन्यजीवांचे चित्रीकरण कसे करतात यावरचा होता आणि तो मुळात ‘होरायझन’साठी बनलेला होता. त्यानंतर दोघींमध्ये अशी देवघेव नेहमीचीच झाली, त्यामुळे एकच माहितीपट दोन नावांनी सापडला तर गोंधळून जाऊ नये. आपण पाहिलेला फाइनमन यांचा भागही पुढे ‘नोव्हा’त दाखवला गेला.

दुपारची शाळा

मी या मालिकेचा अभ्यासक नाही, पण तिच्या एका भागाचे पडसाद माझ्या शाळेपर्यंत आले होते, हे मला फार उशिरा कळले.

१९७८ मध्ये ‘होरायझन’ने मायक्रोप्रोसेसरवर एक भाग केला. नखाएवढ्या सिलिकॉनच्या चकतीमुळे कारखान्यांतील आणि कचेऱ्यांतील कोणकोणती कामे माणसांच्या हातून जातील हे त्यात इतक्या थेटपणे दाखवले होते की ब्रिटनमध्ये त्याची चर्चा सरकारी पातळीवर झाली. या चर्चेच्या ओघात बीबीसीने लोकांना संगणक शिकवण्याचा प्रकल्प हाती घेतला. नुसते कार्यक्रम दाखवून भागणार नाही, हाताळायला यंत्रही हवे, म्हणून एकॉर्न या केंब्रिजच्या छोट्या कंपनीकडून ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक तयार करून घेण्यात आला आणि १९८१ च्या अखेरीस तो बाजारात आला. याच एकॉर्नने पुढे ‘आर्म’ जातीचा प्रोसेसर घडवला, आणि आज आपण ज्या मोबाइलवर ही चर्चा वाचत असाल त्याच्या पोटात बहुधा त्याच वंशाची चकती असेल.

आता माझा संबंध. १९८४ च्या सुमारास केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा संगणक-साक्षरता प्रकल्प आखला आणि निवडक शाळांना हेच बीबीसी मायक्रो मिळाले. आमच्या शाळेचा त्यात नंबर लागला. प्रयोगशाळेशेजारची अडगळीची खोली रंगवून काढली, खिडक्यांना जाड पडदे लावले आणि चपला बाहेर काढून आत जायचे असा नियम झाला. पिवळट पांढरे खोके, त्यावर काळ्या कळा आणि वरच्या ओळीत लालसर रंगाच्या दहा कळा. चालू करताना आधी एक लांब, घोगरा सूर आणि मागोमाग एक छोटा, बारीक सूर. तो आवाज व्हरांड्यापर्यंत आला की बाहेर रांगेत उभी असलेली मुले एकदम गप्प होत. आठवड्यातून एकदा, तिघांना मिळून एक यंत्र, आणि त्यातही कळफलकाजवळची जागा ज्याने पटकावली त्याचाच तास. आमच्या विज्ञानाच्या सरांनी स्वतः यंत्राला हात लावायला दोन महिने घेतले. ते पुस्तकातून वाचून दाखवत आणि आम्ही टंकत असू.

त्या यंत्राच्या पाठीवर ‘बीबीसी’ असे का लिहिले आहे, रेडिओवर बातम्या सांगणाऱ्यांचा संगणकाशी काय संबंध, हा प्रश्न मी सरांना विचारला होता. त्यांनी तो पुढच्या तासाला ढकलला होता. उत्तर तीस वर्षांनी मिळाले. पानगळताई, तो भाग मुलांना दाखवण्याजोगा आहे, पण आधी दोन वाक्यांत तो काळ समजावून सांगावा लागेल, नाहीतर कॅल्क्युलेटरकडे थक्क होऊन पाहणारी माणसे त्यांना विनोदी वाटतील.

समास

मी गणित शिकवतो, त्यामुळे माझे मत एकांगी आहे हे आधीच मान्य करतो. मला विचाराल तर ‘होरायझन’चा सर्वोत्तम भाग १९९६ चा, फर्माच्या अखेरच्या प्रमेयावरचा. दिग्दर्शक सायमन सिंग, आणि त्यांच्यासोबत जॉन लिंच.

प्रमेय शाळकरी मुलालाही कळते. पायथागोरसच्या नियमात दोन वर्गांची बेरीज तिसरा वर्ग होऊ शकते, उदाहरणार्थ नऊ आणि सोळा मिळून पंचवीस. पण वर्गाऐवजी घन घेतले, चौथा घात घेतला, किंवा त्याहून वरचा कुठलाही घात घेतला, तर धन पूर्णांकांत असे एकही उदाहरण सापडत नाही. फर्मा यांनी १६३७ च्या सुमारास एका पुस्तकाच्या समासात लिहून ठेवले की याची सुरेख सिद्धता आपल्याला सापडली आहे, पण ती मावण्याइतका हा समास रुंद नाही. (माझे इथले नाव तिथूनच घेतले आहे.) त्यानंतर साडेतीनशे वर्षे ती सिद्धता कोणालाच देता आली नाही.

माहितीपटाची सुरुवात पाहा. अखेर ही सिद्धता देणारे गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स सांगतात की गणित करणे हे एखाद्या अंधाऱ्या वाड्यात शिरण्यासारखे आहे. पहिल्या खोलीत माणूस ठेचकाळतो, हळूहळू कोणती वस्तू कुठे आहे हे हाताला कळू लागते, आणि सहा-सहा महिन्यांनी कधीतरी दिव्याचे बटण सापडते, मग पुढच्या खोलीत पुन्हा तोच अंधार. यानंतर ते आपल्या टेबलाशी बसून सप्टेंबर १९९४ मधील त्या सकाळविषयी बोलू लागतात, जेव्हा वर्षभर छळणारी चूक अचानक सुटली. बोलता बोलता त्यांचा गळा दाटतो, ते थांबतात आणि मान फिरवतात. कॅमेरा तिथेच राहतो. मागे संगीत वाढत नाही आणि निवेदक मध्ये पडत नाही. सूत्रसंचालक असता तर त्या क्षणी तो नक्की काहीतरी बोलला असता, निदान सहानुभूतीने मान तरी हलवली असती, आणि तो क्षण आपल्या हातून निसटला असता. मालिकेला चेहरा नसण्याचा फायदा काय, याचे माझ्याजवळ याहून चांगले उदाहरण नाही.

बाकीचा माहितीपट हा खरे तर माणसांचा आहे. गणितज्ञ केन रिबेट कॉफी पिताना सहकारी बॅरी मेझर यांना आपली अडचण सांगतात, आणि मेझर चकित होऊन म्हणतात की तुझे काम तर झालेलेच आहे. वाइल्स १९८६ च्या उन्हाळ्यात मित्राच्या घरी थंड चहा पीत असताना रिबेट यांच्या कामाविषयी ऐकतात, आणि त्यानंतर सात वर्षे कोणाला फारसे न सांगता याच एका गोष्टीमागे लागतात. गोरो शिमुरा आपल्या दिवंगत मित्राविषयी, युताका तानियामा यांच्याविषयी, सांगतात की ते पुष्कळ चुका करत, पण त्या चुका योग्य दिशेच्या असत. आपणही तशा चुका करून पाहिल्या, पण ते फार अवघड असते असे लक्षात आले. हे वाक्य मी दरवर्षी नववीच्या वर्गात सांगतो. जून १९९३ मध्ये केंब्रिजला वाइल्स यांनी सिद्धता जाहीर केली, मग तीत भगदाड सापडले, मग ते रिचर्ड टेलर यांच्या मदतीने बुजवले. हा सारा प्रवास पन्नासेक मिनिटांत मांडूनही घाई जाणवत नाही. सिद्धता ज्यांवर उभी आहे ते विवृत्तीय वक्र आणि मॉड्युलर फॉर्म म्हणजे काय हे मात्र त्यातून समजत नाही, आणि ते समजेल असा दावाही तो करत नाही. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. माझे काही सहकारी यालाच उणीव म्हणतात.

आडवाट

वरील सर्व प्रतिसाद वाचून ही मालिका म्हणजे सोन्याची खाण आहे असा ग्रह होईल, म्हणून थोडे दुसऱ्या बाजूने लिहितो.

प्रत्येक भागाचा कर्ता वेगळा असला की दर्जाही वेगळा असतो. १९९९ मध्ये ‘होरायझन’ने अटलांटिसच्या दंतकथेवर आणि लेखक ग्रॅहम हॅनकॉक यांच्या लुप्त संस्कृतीच्या सिद्धान्तावर भाग केले. प्राचीन इमारती आकाशातील नक्षत्रांच्या नकाशावरून बांधल्या आहेत या दाव्याची त्यात झकास खिल्ली उडवली होती: न्यूयॉर्कमधील प्रसिद्ध ठिकाणे निवडून जोडली तर तिथेही सिंह राशी काढता येते. युक्तिवाद बिनतोड होता. पण हॅनकॉक आणि त्याच मताचे लेखक रॉबर्ट बोव्हाल यांनी प्रसारण मानकांच्या आयोगाकडे तक्रार केली, आणि अनेक मुद्द्यांपैकी एक मुद्दा आयोगाने मान्य केला: एका आक्षेपावर त्यांनी दिलेले उत्तर गाळले गेले होते. बीबीसीने तो भाग सुधारून २००० च्या डिसेंबरमध्ये पुन्हा दाखवला. बाजू खरी असली तरी समोरच्याचे म्हणणे पूर्ण दाखवावे लागते, हे मुलांना शिकवायला यासारखा धडा नाही. दोन्ही आवृत्त्या मिळाल्या तर शेजारी शेजारी दाखवाव्यात.

२००२ मधील होमिओपॅथीवरचा भागही असाच वादग्रस्त आहे. अलौकिक दावा सिद्ध करणाऱ्यास जादूगार जेम्स रँडी यांनी जाहीर केलेल्या दहा लाख डॉलरच्या बक्षिसासाठी ‘होरायझन’ने स्वतःच प्रयोग घडवून आणला: अतिविरल केलेले हिस्टामिन आणि साधे पाणी यांच्या नळ्यांना सांकेतिक क्रमांक देऊन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत तपासले, आणि शेवटी आकडे उघडल्यावर दोहोंत फरक आढळला नाही. ज्या संशोधनावरून ही कल्पना घेतली त्याची ही हुबेहूब पुनरावृत्ती नव्हती असा आक्षेप नंतर घेतला गेला. आपल्याकडे गल्लीगल्लीत साबुदाण्याच्या गोळ्यांचा दवाखाना असल्यामुळे हा भाग दाखवल्यास पालकांचे फोन येतील याची तयारी ठेवावी. मी आमच्या सोसायटीत दाखवला होता. त्यानंतर तळमजल्यावरच्या काकूंनी महिनाभर माझ्याशी बोलणे सोडले होते.

आणि ‘चेहरा नाही’ हे विधान अलीकडच्या काळाला लागू पडत नाही. याचे ठळक उदाहरण म्हणजे मायकल मोझ्ली. कोलकात्यात जन्मलेले हे गृहस्थ वैद्यक शिकून बीबीसीत गेले. १९९४ मध्ये त्यांनी पडद्यामागे राहून जठरव्रणावरचा भाग केला. व्रण हा मुख्यतः एका जिवाणूमुळे होतो हे पटवण्यासाठी बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जिवाणू स्वतःच गिळला होता, त्याची ती हकिकत. मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ मध्ये नोबेल मिळाले, म्हणजे माहितीपट अकरा वर्षे आधी तिथे पोचला होता. तेच मोझ्ली २०१२ च्या भागात स्वतः पडद्यावर होते आणि आठवड्यातून दोन दिवस अत्यल्प खाण्याचा प्रयोग त्यांनी स्वतःवर केला. ‘पाच-दोन’ या नावाने ते पथ्य जगभर पसरले. पहिल्या माहितीपटात प्रयोग मार्शल यांचा होता आणि मोझ्ली तो सांगत होते. दुसऱ्यात प्रयोग करणारेही तेच आणि सांगणारेही तेच. मला पहिला अधिक मोलाचा वाटतो, पण प्रेक्षक कोणाला जास्त मिळाले असतील हे सांगायला नको.

पानगळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फर्माचा माहितीपट पुढच्या महिन्यासाठी ठेवला आहे, कारण त्यातील सहा-सात माणसांची नावे आधी फळ्यावर लिहून द्यावी लागतील. एक अडचण आहे: मुलांचे इंग्रजी बेताचे आहे आणि उपशीर्षके वाचण्यात त्यांचे चित्राकडे दुर्लक्ष होते. यावर कोणी काही उपाय केला आहे का?

जुनी फीत

उपशीर्षके सरळ बंद करावीत. आधी स्वतः दोनदा पाहून थांबण्याच्या जागा कागदावर मिनिटांसह लिहून ठेवाव्यात, आणि दर आठ-दहा मिनिटांनी थांबवून झालेले मराठीत सांगावे. थांबायचे ते प्रश्न पडला असेल तिथे. उत्तर मिळाल्यावर थांबले तर मुले डबे उघडतात. फाइनमन यांचा भाग यासाठी सर्वांत सोयीचा, कारण त्यात ते एकामागून एक गोष्टीच सांगतात. वडिलांबरोबर रानात फिरतानाची पक्ष्याची गोष्ट संपली की पहिला थांबा घ्यावा.

पानगळ

काल तसेच केले. सतरा मुले होती, वीज मध्ये एकदाच गेली. खुर्चीत बसून बोलणाऱ्या माणसाला ती कंटाळतील अशी मला धास्ती होती, पण फाइनमन हातवारे इतके करतात की भाषा न कळणारी मुलेही त्यांच्याकडे टक लावून होती. सांगितल्याप्रमाणे पक्ष्याच्या गोष्टीनंतर थांबवले आणि मराठीत सांगितले: वडील मुलाला त्या पक्ष्याची निरनिराळ्या भाषांतील नावे सांगतात, आणि मग म्हणतात की ही सगळी नावे पाठ केलीस तरी पक्ष्याविषयी तुला काडीचेही कळलेले नाही, त्यापेक्षा आता त्या पक्ष्याकडेच बघू या.

प्रश्न आहे का, असे विचारल्यावर मागच्या रांगेतल्या एका मुलीने लगेच हात वर केला आणि विचारले, ‘मॅडम, त्या पक्ष्याला मराठीत काय म्हणतात?’

सगळे हसले, तीही हसली. मग कपाटातून पक्ष्यांचे पुस्तक काढून आम्ही कस्तुरापर्यंत पोचलो. त्यात अर्धा तास गेला आणि उरलेला माहितीपट पुढच्या रविवारवर ढकलावा लागला.